वैशाखातली बाग
(खर्डी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उन्हाळ्यात व्याख्याने ठेवण्याची खोड आपल्याला जुनीच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी श्रोता ऐन वैशाखात घाम पुसत वक्त्याला सहन करत आला आहे. आज मात्र हा उकाडा माझ्या कामाचा आहे. बागेवर बोलायचे तर मे महिन्यातच बोलावे. श्रावणात खर्डीत कोणाची बाग वाईट दिसते? तेव्हा पत्र्यावर शेवाळ धरते, कुंपणाच्या दगडांतून नेचे डोकावतात, कोणी काही न करता सगळे हिरवे होते. बागेची परीक्षा आज आहे, दुपारी तीन वाजता.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो त्यांना वंदन करून विषयाला हात घालतो. विषय साधा आहे: देखभाल कमी आणि शोभा बारमाही, अशी बाग इथे कशी आखावी. मला हा प्रश्न सतत विचारला जातो आणि त्याचे कारण उघड आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आपला शहापूर तालुका शहराच्या आणखी जवळ सरकला. मालक शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. मधले सहा दिवस बाग राखणदाराच्या आणि देवाच्या हवाली. त्याला कटकट नको असते, ते मी समजू शकतो. पण नर्सरीवाला त्याला काय देतो? मधोमध लॉन, कडेने दुरांट्याची पिवळी रांग, फाटकापासून पायरीपर्यंत रॉयल पाम आणि उरलेल्या जागेत कुंड्या. म्हणजे जगातली सगळ्यात जास्त राबवून घेणारी बाग.

लॉनचा हिशेब एकदा मांडूनच टाकू. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवायची तर रोज किमान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले तर ६०,००० लिटर झाले. दहा हजारी टँकर असेल तर सहा टँकर, तेही एका गुंठ्याला. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. तेव्हा एक गुंठा लॉन रोज नऊ माणसांचे पाणी पिते. आणि हे कुठे? जिथून १८९२ पासून तानसेचे पाणी मुंबईला जाते, जिथे वैतरणेवर एकामागून एक धरणे झाली, जिथली एकटी भातसा मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवते, आणि जिथल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात, त्या तालुक्यात. मी कोणाला पाप-पुण्य सांगायला आलेलो नाही. पण टँकर आला नाही की जी बाग चार दिवसांत करपते, तिला कमी देखभालीची म्हणता येणार नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

आता दुसरी बाजू बघा. याच गुंठ्यावर जून ते सप्टेंबर आकाशातून पडते किती? आपल्याकडचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे गुंठ्यावर अडीच लाख लिटर. मग आठ महिने कोरडे. आपली जमीनही अशी की वरकसावर फूटभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाणी पडते तसे वाहून जाते. हे सगळे बागेच्या विरुद्ध आहे असे मालकाला वाटते. मला तसे वाटत नाही, कारण याच मातीत, याच आठ महिन्यांच्या कोरड्यात, तानसा अभयारण्याचे जंगल उभे आहे. त्याला कोणी बादली घालत नाही.

मला आज सांगायचे आहे ते इतकेच: आपल्या जंगलाचा फुलांचा हंगाम उन्हाळा आहे. इंग्रजी पुस्तकांवरून तयार झालेल्या बागकामात उन्हाळा म्हणजे बाग जगवण्याचे दिवस. आपल्या पानगळीच्या झाडांचा कारभार उलटा आहे. पाने टिकवायला पाणी लागते, म्हणून ती पाने टाकून देतात. मग उघड्या फांद्यांवर फूल लांबून दिसते, पाखरांना आणि मधमाश्यांना सापडते, बी पावसाच्या तोंडावर तयार होते. त्यांच्या दृष्टीने हे व्यवहाराचे आहे, आपल्या दृष्टीने देखणे. माघ-फाल्गुनात खर्डीहून कसाऱ्याकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून पळस आणि पांगारे दिसतात, काटेसावरीखाली मांसल लाल फुलांचा सडा असतो. चैत्रात कुसुमाला पालवी येते. नवखा माणूस तिला फूलच समजतो, इतकी ती लाल असते. पुढे तीच पालवी हिरवी होते आणि भर मे महिन्यात, आजूबाजूची झाडे उघडी असताना, कुसुमाखाली दाट सावली असते. पालवीच्याच सुमारास करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात. मग बहावा, ताम्हण, कुडा. यातल्या एकालाही टँकर लागत नाही. जुने झाड असेल तर ओंजळभरही पाणी लागत नाही.

तेव्हा आखणीची सुरुवात मे महिन्यापासून करा आणि मागे या. पावसाळा आपला आपण सांभाळून घेतो.

आधी जागा वाचायची. पावसाचे पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठून बाहेर जाते, हे एक पावसाळा नुसते बघितले तरी निम्मे चुकायचे टळते. सखल, चिखलाची जागा ताम्हणाला द्या. ते ओढ्याकाठचे झाड आहे, पाय ओले असलेले त्याला चालतात. पळसही पाणी साचलेल्या जड जमिनीत तग धरतो, भाताच्या बांधावर म्हणूनच तो दिसतो. उताराच्या, मुरमाड बाजूला धायटी, कुडा, बहावा. खडकाळ कोपरा असेल आणि जागा मोठी असेल तर कांडोळ. माहुली किल्ल्याच्या बाजूला हे झाड पाहिले असेल तुम्ही, ज्याला भुत्याही म्हणतात. हिवाळ्यात पान नसते, आणि चुन्याने रंगवल्यासारखे पांढरे खोड चांदण्यात उभे असते. पौष महिना आपल्याकडे फुलांच्या बाबतीत रोडावलेला, त्या महिन्यात खोडाकडे बघायचे. बारा महिने फूलच पाहिजे हा हट्ट सोडला की बागेचे निम्मे काम कमी होते.

सावलीचे गणित वेगळे. मेच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली जाते. त्यामुळे दक्षिणेला झाड लावून उन्हाळ्यात घर गार होत नाही. त्रास देतो तो पश्चिमेचा, चार वाजताचा उन्हाचा मारा. घराच्या पश्चिमेला पंचवीस-तीस फुटांवर एक करंज लावा. करंज पाने टाकतो, पण लगेच पोपटी पालवी घेतो आणि उन्हाच्या ऐन दिवसांत भरलेला असतो. एका गुंठ्याला असे मोठे झाड एक, फार तर दोन, आणि मध्यम उंचीची दोन. मला माहीत आहे की हे ऐकून लोक नाराज होतात. त्यांना गुंठ्यात चाळीस झाडे लावायची असतात. हल्ली तर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियावाकींच्या नावाने चौरस मीटरला तीन-तीन रोपे कोंबतात. अकिरा मियावाकी यांचा मूळ आग्रह दाटीपेक्षा त्या जागेचे मूळ जंगल कोणते होते हे ओळखण्याचा होता. तो आग्रह सोडून नुसती दाटी उचलली तर पाच वर्षांनी बांबूसारखी सरळसोट, एकमेकांवर रेललेली काठ्यांची गर्दी मिळते. जंगल लावायचे तर लावा, चांगलेच आहे, पण त्याला बाग म्हणू नका. बागेत माणसाला बसायला जागा लागते.

कुंपणाला करवंद. याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. काटा आहे, चीक आहे, बकरी तोंड लावत नाही, फूल सुवासिक, आणि आज स्टेशनवर पानांच्या द्रोणात जी विकायला येतात ती करवंदे घरच्या कुंपणाला. त्यात अधूनमधून निरगुडी आणि अडुळसा, म्हणजे हिवाळ्यात अडुळशाची पांढरी फुले मिळतात. ही झुडपेसुद्धा गुरे खात नाहीत. भाताची कापणी झाली की इथे गुरे मोकळी सुटतात, ती रीत आहे आणि ती कोणाच्या बंगल्यासाठी बदलणार नाही. तेव्हा न खाल्ली जाणारी झाडे हा मला कमी देखभालीचा पहिला नियम वाटतो. कुड्याचेही तेच, कण्हेरीचेही तेच. कण्हेर विषारी आहे, लहान मुले असतील त्या घराने दूर ठेवावी.

इथे कोणी विचारेल की मग सगळी देशीच झाडे लावायची का. मी इतका सोवळा नाही. खुरचाफा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आला, बोगनवेल ब्राझीलची. दोन्ही आपल्या हवेत अशी रुळली आहेत की त्यांना परके म्हणवत नाही. बोगनवेलीची गंमत तुम्ही करून बघा. राखणदार रोज पाणी घालतो त्या वेलीला हिरवी पाने भरपूर आणि रंग बेताचा. शेजारी कोणी विचारत नाही अशी कुंपणावरची वेल रंगाने वाकलेली. पाण्याचा ताण पडला की ती फुलण्याकडे वळते. खुरचाफ्याला तर पावसाळ्यानंतर पाणी न दिलेलेच बरे, नाहीतर बुंधा कुजतो. माझा आक्षेप परदेशीपणाला नाही, बेफाम पसरणाऱ्याला आहे. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणूनच देशात आणली होती. आज ती कुठे नाही ते सांगा. पिवळ्या कॉसमॉसची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे, आणि रस्त्याकडेला त्याचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी बघून मला धडकी भरते.

रॉबर्टो बुर्ले मार्क्स नावाचे ब्राझीलचे मोठे उद्यानकार होऊन गेले. तरुणपणी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, ते जर्मनीत होते. ब्राझीलमधल्या बागांत तेव्हा युरोपातली फुले लावण्याची फॅशन होती. आपल्या जंगलातल्या वनस्पतींचे देखणेपण त्यांना पहिल्यांदा जाणवले ते बर्लिनच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात. परत आल्यावर त्यांनी आयुष्यभर जंगले पालथी घातली आणि तिथली झाडे बागेत आणली. आपल्याला बर्लिनला जाण्याची गरज नाही. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे. तरी खर्डीतल्या किती बंगल्यांत ताम्हण आहे आणि किती बंगल्यांत पाम, हे घरी जाताना जरा बघा.

आता जमिनीलगतचे. लॉन काढले तर तिथे काय, हा प्रश्न येतोच. घराभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा खडी किंवा फरसबंदीचा, मोकळा ठेवा. फुरसे, घोणस, मण्यार आपल्याकडे आहेत, दाराशी गवत आणि दगडांचे ढीग नकोत. त्यापलीकडे मात्र जमीन तिच्या मनाने फुलू द्या. पहिल्या पावसाने जे उगवते ते उपटण्याआधी ओळखायला शिका. तेरडा एकदा आला की दरवर्षी आपला आपण येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण बागेत तो दोन महिने सहज टिकतो, आणि गौरीला विकत आणावा लागत नाही. भारंगीची निळी फुले, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, या दोन्हींची भाजी होते हा वरचा नफा. इथे बसलेल्या आयाबायांना हे मी सांगायला नको. त्यांच्याकडूनच बंगलेवाल्यांनी शिकावे.

आणि कंद. कमी देखभालीच्या बागेत कंदांइतके गुणी कोणी नाही. रानहळद आषाढात पाने काढते, गुलाबी तुऱ्यांनी सजते, दसऱ्यानंतर पिवळी पडून जमिनीत निघून जाते, आणि पुढचे सात महिने तिला कशाचीच अपेक्षा नसते. भुईचाफा तर याच दिवसांत बघण्यासारखा. एप्रिल-मेमध्ये, पान नाही, देठ नाही, तापलेल्या भेगाळ जमिनीतून एकदम फूल वर येते. पाकळ्या पांढऱ्या, लांबट, जमिनीला जवळजवळ टेकलेल्या, आणि खालची रुंद पाकळी जांभळी. सकाळी वाकून वास घ्यावा, दुपारपर्यंत ते मलूल होते, दुसऱ्या दिवशी शेजारी नवे. पाने पाऊस पडल्यावर येतात. ज्या जमिनीवर तुम्ही मे महिन्यात पाय ठेवायला धजत नाही, तिच्यातून पाणी न घालता हे फूल येते. कंद वाफ्याच्या कडेला, करंजाच्या सावलीत लावा आणि जागा दगडाने खुणावून ठेवा, नाहीतर राखणदार मोकळी जागा समजून कुदळ मारतो. कळलावीचे फूल सुंदर, पण तिचा कंद जिवावर बेतणारा. मुलाबाळांच्या घरात ती नको.

पाऊस सरला की गवत सोनेरी होते. लोकांना ते 'वाळलेले' दिसते आणि ते काढायची घाई होते. पीट औडॉल्फ या डच उद्यानकाराने न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, जुन्या रेल्वेच्या पुलावरच्या त्या बागेत, वाळलेली गवते आणि बोंडे मुद्दाम उभी राहतील अशी लागवड केली. वाळणे हाही शोभेचा एक भाग आहे असे त्याचे म्हणणे. आपल्याला त्यासाठी गवत लावावेही लागत नाही, ते येतेच. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळचे ऊन त्यातून येताना बघा. त्यामागे देवकांचनाची गुलाबी फुले आणि पुढे कोरांटीची पिवळी झुडपे असली की कार्तिक-मार्गशीर्षाची सोय झाली. मात्र इथे आपण न्यूयॉर्कपासून वेगळे होतो. आपल्याकडे वणवा आहे. म्हणून मार्गशीर्ष संपण्याच्या आत गवत कापायचे, तबेलेवाल्यांना किंवा शेजारच्या शेतकऱ्याला द्यायचे, आणि कुंपणाच्या आतून सहा-आठ फुटांची जाळरेषा काढायची. ही एक गोष्ट चुकली तर दहा वर्षांची बाग एका दुपारी जाते.

पालापाचोळ्याबद्दल थोडे कडक बोलणार आहे. इथला शेतकरी राब भाजतो, त्याला कारण आहे: भाताच्या रोपांच्या वाफ्यात तण मरते, राख मिळते. बंगल्यात दर रविवारी कोपऱ्यात पाने जाळतात त्याला कारण फक्त 'स्वच्छता'. हीच पाने झाडाभोवती चार बोटे जाड पसरली तर माती गार राहते, ओल टिकते, दोन पावसाळ्यांत मुरमाची माती होते. वाळवीची भीती असते म्हणून बुंध्यापासून वीतभर जागा सोडायची, एवढेच. पाने जाळून नंतर कोकोपीटची गोणी विकत आणणाऱ्यांना काय म्हणावे, ते मी सभेत बोलत नाही.

कमी देखभाल म्हणजे शून्य देखभाल नव्हे. काम असते, पण ते ठरावीक दिवसांत गोळा होते. आणि पहिले तीन उन्हाळे सवलत नाही. लहान रोपाची मुळे अजून मुरमात शिरलेली नसतात. त्या काळात रोपाशेजारी बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून एकदा भरा, वर झाकणी ठेवा. पाणी पाझरत मुळांशी जाते, शनिवार-रविवारच्या मालकाला हे जमते. चौथ्या वर्षी मडके काढून घ्या. काढवत नाही लोकांना, हात आपोआप नळीकडे जातो. पण पाणी चालू ठेवले तर मुळे वरच राहतात, आणि वाऱ्यापावसात तेच झाड आधी पडते.

आजपासून पावसाला तीनेक आठवडे आहेत. खड्डे आत्ताच घ्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, आणि ते उन्हात तापू द्या. भरताना त्यातलीच माती, पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून रोपे लावू नका. मध्ये पंधरा दिवस उघडीप पडली की ती जातात. आर्द्रात जमीन आतपर्यंत भिजली की लावा. रोप मोठे आणि महाग असले म्हणजे चांगले असे नाही. पिशवीत मुळे गोल फिरलेल्या सहा फुटी झाडापेक्षा दीड फुटाचे रोप पाच वर्षांत पुढे जाते. पळसाला हलवलेले आवडत नाही, त्याचे बी जागेवरच टोका. करंजाचे बी पाऊस लागला की आपोआप रुजते. बहाव्याची काळी शेंग आणून फोडा, बी फार कडक असते, त्याला एका बाजूने कानस मारा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. जंगलात हे काम शेंगा खाणारी कोल्ही-माकडे करतात, घरी आपण करायचे. बाकीची रोपे वनखात्याच्या रोपवाटिकेत पावसाच्या तोंडावर स्वस्तात मिळतात, पण ताम्हण आणि कुसुम आधी सांगून ठेवलेले बरे, कारण मागणी नाही म्हणून ती कमी करतात.

राखणदारी करणारी मंडळी इथे बरीच दिसत आहेत. मालक पुढच्या शनिवारी आला की त्याला लॉनचा हिशेब सांगा, आकडे लिहून हवे असतील तर माझ्याकडून घ्या. प्रश्न असतील तर आता विचारावेत.